टोमॅटोच्या वाफ्यातली दुर्बीण

एक्स-रेबाईंनी एकतीस वर्षं इस्पितळात लोकांची हाडं टिपली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण आणली, मागच्या अंगणात मांडली आणि चंद्रावरच्या विवरांचे फोटो काढायला लागल्या.

"आता त्याचं काय मोडलंय?" नवऱ्याने विचारलं. बाईंनी ते हसण्यावारी नेलं.

अर्धा चंद्र त्यांना सोयीचा. दिवेलागणीलाच डोक्यावर असतो आणि विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पण दोन महिने झाले तरी एक फोटो धड येईना. विवरांच्या कडा पाण्यात बुडवल्यासारख्या थरथरत. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या आईची नजर याच वयात गेली होती. घरात चकार शब्द न काढता त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. डोळ्यात दोष असता, तरी कॅमेऱ्याला काय झालं होतं? संध्याकाळी त्यांनी नीट पाहिलं. भिंतीपलीकडे बेकरीचं धुराडं होतं, त्याची तापलेली हवा अंगणावर पसरत होती आणि तिच्यातून चंद्र लवलवत होता. धुराड्यापासून लांब अशी एकच जागा होती. नवऱ्याचा टोमॅटोचा वाफा.

"अहो, तो वाफा मला हवाय."

"फळ धरलंय त्याला!"

"म्हणून तर विचारतेय. नाहीतर उपटलीच असती रोपं."

तो चहा अर्धा टाकून उठला. बाईंनी विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या चष्म्याच्या घरात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली.

"एकटी गेलीस?"

"तुम्हाला उगाच घोर नको म्हणून."

त्याने चिठ्ठीची घडी घालून ती परत ठेवली. सकाळी बाई उठल्या तेव्हा वाफा मोकळा होता. हिरवे टोमॅटो टोपलीत होते आणि तो विटेने माती ठोकून सपाट करत होता.

पुढच्या अर्ध्या चंद्राला बाईंनी दोनशे फोटो काढले. नऊ चांगले निघाले. त्यातल्या एका फोटोत विवराची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती.

"हे मधे टेंगूळ कसलं?" नवऱ्याने चष्मा पुसून विचारलं.

"डोंगर आहे तो."

"केवढा उंच?"

बाईंना माहीत नव्हतं. सावलीच्या लांबीवरून काढता येईल म्हणाल्या. तो आत जाऊन पट्टी घेऊन आला.