हौसाआत्याच्या चिपा

हौसाआत्याकडे पाणी मागितलं की ती तांब्या हातातच द्यायची आणि पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. खाली टेकवायला गेलं की म्हणायची, "ठिवू नगं, कलंडतोय." कोयनानगरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आत्याच्या घराची डोंगराकडची बाजू होती तिथंच होती, दरीकडची मात्र दर पावसाळ्यात बोटभर खाली जायची. खाट सरळ राहावी म्हणून तिनं दरीकडच्या दोन पायांखाली दगडी चिपा घातल्या होत्या. जमीन खचली की आणखी एक चीप.

मी शेजारची सून. नवी होते तेव्हा मला भारी मजा वाटायची. "आत्या, खाट माळ्याला टेकंल आता!"

"टेकू दे की. वर जायाला बरं पडंल."

नव्वद सालानंतर आमच्याही भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आणि माझं हसणं बंद झालं. साहेब आले, भेगांवर चुन्याच्या खुणा करून गेले. वाडी हलवायचं ठरलं. खाली सपाटीला सगळ्यांना पत्र्याच्या शेड मिळाल्या. आत्या मात्र उंबऱ्यावर बसून राहिली. तिचं पहिलं घर धरणात गेलेलं, तेव्हा तान्ह्या लेकाला, किसनला, पाठीशी बांधून ती इथं वर आलेली.

"तवा पाण्यानं उठवलं, आता माती उठवतीया," ती किसनला म्हणाली. "मी काय जनावर हाय व्हय रं, ह्या दावणीचं सोडून त्या दावणीला बांधायला?"

किसन भांडी बांधत राहिला. रडलं कुणीच नाही, रडायचं सुचलंच नाही.

एका दुपारी दरीकडची भिंत बसली, तेव्हा आत्या उठली. बाकी सगळं किसननं घेतलं. तिनं फक्त चिपा ओच्यात भरल्या.

शेडमधला कोबा अगदी सपाट. तांब्या ठेवला तर जागचा हलत नव्हता. तरी आत्यानं खाटेच्या दोन पायांखाली चिपा घातल्याच. खाट चांगलीच तिरकी झाली. मला वाटलं, सवयीनं घातल्या बिचारीनं.

"आवं आत्या, हितं जमीन सरळ हाय. काढू का?"

तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे पोरी. खचंल तवा बराबर हुईल."

त्या तिरक्या खाटेवरच ती गेली. तोवर कोब्याला साधी चीरही पडली नव्हती. खाट किसननं मला दिली. मी ती घरी आणून मांडली आणि चिपा होत्या तशाच घातल्या.