कलेजी बंद

गल्लीत तिला सगळे डागबाई म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. शाई, चहा, रक्त, गंज, कुठलाही डाग घेऊन या; लाँड्रीच्या काउंटरवर ती कपडा पसरायची, भिंग लावून बघायची, नाकाशी नेऊन हुंगायची आणि मग विचारायची, "घरी काय लावलंत याला?" गिऱ्हाईक म्हणायचं, काहीच नाही. "खोटं बोलू नका. लिंबू चोळलंय." आणि चोळलेलं असायचंच.

अशा बाईने अंगभर काळे ठिपके असलेला कुत्रा पाळल्यावर गल्ली गप्प बसते होय? "बाई, एवढे डाग काही निघाले नाहीत तुम्हाला!" हा विनोद तिने पाच वर्षांत हजार वेळा ऐकला असेल. ती शांतपणे म्हणायची, "डाग नाहीत ते. छपाई आहे."

तो आला तोच भांडणातून. कुत्र्यांची पैदास करणारा एक माणूस तिच्याकडे चादरी धुवायला टाकायचा. एकदा त्याच्या गाडीत एक पिल्लू एकटंच बसलेलं दिसलं. एका कानाने बहिरं निघालं, विकलं जाणार नाही, डॉक्टरकडे नेऊन कायमचं निजवून टाकतो, असं तो सहज बोलून गेला. डागबाई काउंटरच्या बाहेर आली.

"दे इकडे."

"बाई, डाल्मेशियन आहे. तुम्हाला नाही झेपायचा."

"मला काय झेपतं ते तू ठरवणार?"

पिल्लू राहिलं. त्याचं नाव ठिपक्या पडलं. डाव्या बाजूने हाक मारली तर दगडासारखा ढिम्म, उजवीकडून मारली तर शेपटीने अर्धं दुकान झाडून काढायचा.

दोन दुकानं सोडून तिच्या धाकट्या दिराचं मटणाचं दुकान होतं. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि अहंकार दोन्हींहून वरचढ. डागबाईचा नवरा गेला तेव्हा मुलगी तिसरीत होती. त्या वर्षी दिराने लाँड्रीचा बॉयलर स्वतः खपून दुरुस्त केला आणि मुलीला रोज शाळेत सोडलं-आणलं. हे ती कधी विसरली नाही. त्यामुळे पुढे ठिपक्या आल्यावर त्याच्यासाठी रोज कलेजीची पुडी यायला लागली, त्यावर बोलण्यासारखं तिला काहीच वाटलं नाही. कुत्रा म्हणजे मटण, हे तर सगळ्या जगाला ठाऊक. ठिपक्या चमकू लागला. "बघा वहिनी," दीर गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "माझ्या कलेजीचं तेज आहे हे!"

पाचव्या वर्षी एका सकाळी ठिपक्या मागच्या अंगणात पाय वर करून उभा राहिला, तो उभाच. थेंब पडायचे, थांबायचे. तो कण्हायचा, चार पावलं जायचा, परत पाय वर. मुलगी आता कॉलेजात होती. ती म्हणाली, "आई, उष्णता झाली असेल." डागबाई अंथरुणाकडे वळली. तिने त्याच्या अंथरुणातली पांढरी चादर ओढून काढली, उजेडात धरली आणि भिंग लावलं. वाळलेल्या डागाच्या कडेला बारीक कण चिकटले होते, हिरवट पिवळे, वाळूसारखे. आयुष्यभरात तिने हर तऱ्हेचे लघवीचे डाग पाहिले होते, लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे, दवाखान्यातल्या चादरींवरचे. असा वाळू सांडणारा डाग पहिलाच.

चादर काखेत, कुत्रा रिक्षात, अशी ती जनावरांच्या दवाखान्यात पोहोचली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी बारीक नळी घालून अडकलेली लघवी मोकळी केली, खडे तपासायला पाठवले आणि चादरही नीट पाहिली. "हे तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसणं हाच माझा धंदा आहे."

दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. या जातीच्या कुत्र्यांच्या शरीराची घडणच वेगळी. कलेजी, गुर्दा, मेंदू, काही बारीक मासे यांतल्या एका घटकाचा निकाल बाकीचे कुत्रे पूर्ण लावतात. यांचं गाडं अर्ध्यावर अडतं, आणि उरलेलं लघवीत उतरून त्याचे खडे होतात.

"काय घालता याला?"

"कलेजी," डागबाई म्हणाली. "रोज. पाच वर्षं."

 रोज पुडी सोडणारे हात तिचेच होते. बाहेर बाकावर ती बराच वेळ ठिपक्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मग डोळे पुसून परत आत गेली. "आता काय घालू ते सांगा. एकेक करून. मी लिहून घेते." उकडलेलं अंडं, पनीर, भात, बटाटा, गाजर, रोजचं प्रमाण डॉक्टरीणबाईंनी वजनावरून काढून दिलं. अन्नात पाणी कालवायचं, प्यायला पाणी कायम भरलेलं ठेवायचं, आणि दिवसातून चार-पाच वेळा बाहेर न्यायचं, म्हणजे लघवी साठून राहणार नाही. काही दिवसांसाठी तयार खाद्य हवं असेल तर तेही चालेल, पण ते याच जातीच्या खड्यासाठीचं असलं पाहिजे, लघवी आंबट करणारं नको.

त्याच संध्याकाळी ती कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदाराने पूर्ण ऐकूनही न घेता एक चकचकीत पाकीट पुढे सरकवलं. "मुतखड्याचं खास खाद्य. सगळे हेच नेतात."

"कुठल्या मुतखड्याचं?"

"कुठल्या म्हणजे? मुतखडा तो मुतखडा."

डागबाईने भिंग काढलं. पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं वाचायला तिला दहा मिनिटं लागली. मागे रांग लागली तरी ती हलली नाही. "यात कोंबडीची कलेजी आहे," ती म्हणाली. "आणि हे लघवी आंबट करतं, असं लिहिलंय. माझ्या कुत्र्याला नेमकी ती आंबट नको."

"बाई, मी वीस वर्षं दुकान चालवतोय."

"मी तीस वर्षं डाग काढतेय. चहाच्या डागाला गरम पाणी चालतं, रक्ताच्या डागावर तेच ओतलं तर डाग जन्माचा बसतो. मग सगळे मुतखडे काय एका माळेचे मणी?" पाकीट तिने काउंटरवर ठेवलं. रांगेतली एक बाई पुढे झाली, तिने आपल्या हातातलं पाकीटही उलटं करून वाचायला घेतलं.

दुकानदार परका होता, त्याला उत्तर देणं सोपं. अवघड काम पुढेच होतं.

सकाळी पुडी आली तशी ती घेऊन डागबाई दिराच्या दुकानात गेली. "भाऊजी, उद्यापासून पाठवू नका. त्याला सोसत नाही. त्यानेच खडे झाले."

समोर सहा गिऱ्हाइकं. दिराचा सुरा हवेतच थांबला. "माझ्या कलेजीने? वहिनी, माझ्या दुकानातलं खाऊन आजवर कुणी आजारी पडलेलं नाही!"

"माल चांगलाच आहे. कुत्रा वेगळा आहे."

"कुत्र्याला गाजर घालणार तुम्ही? उद्या मांजरीला पोळी लाटून द्या!" गिऱ्हाइकं हसली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "एवढी वर्षं तुमच्यासाठी केलं, त्याची ही किंमत?"

हे वर्मावर बसलं. तिचा चेहरा उतरला, पण पुडी तिने ओट्यावरून परत उचलली नाही. "तुम्ही केलंत ते माझ्यासाठी. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते उपकार त्याने का फेडायचे?"

घरी मुलगी म्हणाली, "आई, एका कुत्र्यापायी काकाला दुखवतेस?"

"दुखवत नाहीये. नाही म्हणतेय. या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही, म्हणून तसं वाटतंय."

सहा आठवडे बरे गेले. मग डॉक्टरीणबाईंच्या तपासणीत लघवीत पुन्हा खडे दिसू लागले. "काही बदललं का खाण्यात?" नाही, डागबाई शपथेवर म्हणाली. घरी येऊन तिने सगळी भांडी पालथी घातली, वजनं पुन्हा केली. चूक सापडेना.

सापडली ती धुण्यात. दिराचे एप्रन पहिल्यापासून तिच्याकडेच यायचे. त्या दिवशीचा एप्रन टबात टाकताना तिने सवयीने खिसा उलटा केला. अस्तराला कलेजीचं रक्त वाळून बसलं होतं आणि त्यात आखूड, ताठ केस रुतले होते. काही पांढरे, काही काळे. एप्रनच्या कडेला लाळ सुकून कडक झाली होती.

तिने एप्रन धुतला नाही. तसाच हातावर टाकून भर दुपारी, गर्दीच्या वेळेला दिराच्या दुकानात गेली आणि ओट्यावर पसरला. खिसा बाहेर काढून.

"हे केस कुणाचे, भाऊजी?"

दिराने सुरा खाली ठेवला. "एवढासा तुकडा द्यायचो," तो म्हणाला. "दारात येऊन बघत बसतो तो. मला बघवत नाही."

"मलाही बघवत नाही. तो नळी घातल्यावर ओरडतो तेव्हा. पुढच्या वेळी त्याचं डोकं तुम्ही धरा."

"वहिनी, लोकं ऐकतायत."

"ऐकू दे! त्या दिवशीही ऐकतच होती." ती गिऱ्हाइकांकडे वळली. "या कुत्र्याला कुणीही काही घालायचं नाही. प्रेमाने नाही, चोरून नाही. ज्याला घालायचं असेल त्याने आधी माझ्याशी भांडायला यावं. आणि भाऊजी, आजपासून तुमचे एप्रन दुसरीकडे टाका."

त्यानंतर दीर वर्षभर बोलला नाही. लग्नाकार्यात तोंड फिरवून बसायचा, नातेवाइकांना सांगायचा की वहिनीने कुत्र्याचा ससा केला. डागबाईने समोर जाऊन नमस्कार करणं सोडलं नाही आणि आपलं म्हणणंही सोडलं नाही. ठिपक्याच्या गळ्यात तिने कापडाची पट्टी शिवून घातली, तिच्यावर न जाणाऱ्या शाईत दोन शब्द: "कलेजी बंद." दुकानातली इस्त्री दिवसातून पाच वेळा बंद करून ती त्याला फिरवून आणायची. गिऱ्हाइकं खोळंबायची. खोळंबू दे, म्हणायची. खडे पुन्हा झाले नाहीत. दर तपासणीचा कागद ती काउंटरमागच्या भिंतीवर टाचायची, सगळ्यांना दिसेल असा.

ठिपक्याला नववं लागलं त्या सुमारास एक अनोळखी माणूस लाँड्रीत आला. हातात कपडे नव्हते, साखळी होती, आणि साखळीला तसंच काळ्या ठिपक्यांचं, चार महिन्यांचं पिल्लू.

"मटणाच्या दुकानात याच्यासाठी कलेजी मागितली," तो गोंधळून म्हणाला. "त्यांनी दिली नाही. म्हणाले, या जातीला देत नाही मी, का द्यायची नाही ते शेजारी वहिनींना विचारा. आणि जरा रागातच म्हणाले."

डागबाईने दारात येऊन मटणाच्या दुकानाकडे पाहिलं. दीर दुकानात पाठमोरा उभा होता आणि एकच हाड उगाच चार वेळा तोडत होता.

"बसा," ती त्या माणसाला म्हणाली. पावतीपुस्तक उलटं करून कोरी बाजू तिने पेनासकट त्याच्यापुढे सरकवली. "याला काय काय घालता? खरं सांगा."

"जे आवडतं ते. आवडीने खातो हो बिचारा."

"आवडीने तर तो साबणाची वडीसुद्धा खाईल," डागबाई म्हणाली. "आवड त्याची असू दे. जबाबदारी तुमची. लिहा."