रुखवतातली बोंडं

देवळीत बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्याला लागूनच कोकिळेची ओसरी आहे. मशीन, चिंध्यांचं बोचकं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर टांगलेले कुशनचे अभ्रे. काही आरशांचे, काही झालरीचे, काहींवर मोर. गावातल्या कितीतरी लग्नांचं रुखवत या ओसरीतून जातं. मांडवात टेबलावर अभ्रे मांडतात आणि चिठ्ठी लावतात, की हे नवरीनं स्वतःच्या हातानं भरलं. मग नवरीला सुईत दोराही ओवता येत नसेना का. कोकिळेला त्याचं काही वाटत नाही. विकल्या गाईच्या दुधाची चौकशी कोण करतं, असं ती म्हणते.

सुलोचनाबाईचं मात्र तिला वाटायचं. सुलोचनाबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या.

कोकिळा आंजी गावची. स्वतःच्या लग्नासाठी तिनं वर्षभर अभ्रे भरले होते. शेतातून आलं की हातपाय धुवायचे आणि सुई घ्यायची. मांडवात सुलोचनाबाईनं त्यातला एक उचलला, चिमटीत चोळून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेतात निंदणाऱ्या पोरीच्या हातचं नाई हे. वर्ध्याच्या दुकानातून आणलं."

बायका हसल्या. कोकिळेचा बाप हात जोडून पुढे आला. "नाई हो बाई, पोरीनंच केलं."

"लगन तं लागलं बुवा. आता खरं सांगाले काय जाते?"

आणि बाप हसला. पोरीच्या सासरच्यांना राग येऊ नये म्हणून हसला, पण हसला. ते हसणं म्हणजे कबुली झाली. पुढे सासरी तिचं नाव दुकानवाली पडलं. बाप गेला, नाव राहिलं. बायकांचं हसणं कोकिळा कधीच विसरून गेली असती. बापाचं तिच्या आत कुसळासारखं रुतून बसलं होतं. दिसत नव्हतं, निघत नव्हतं.

तीच सुलोचनाबाई यंदा उन्हाळ्याआधी तिच्या ओसरीत येऊन बसली. नात आचल हिचं लग्न जमलं होतं. मुलगा भूपेंद्र, हिंगणघाटचा, घरची कापसाची जिनिंग.

"आचल नागपुरात नोकरी करून राह्यली. तिले कुठं येते हे. आन् तिची सासू आनंदाबाई, तिले मोठा शौक हाताच्या कामाचा. तू भरून दे अभ्रे. कोणाले सांगजो नको, आचलनं केले म्हणू."

"म्हणा ना आत्याबाई," कोकिळा म्हणाली. "माह्यं काय जाते?"

सुलोचनाबाईला आपलंच जुनं वाक्य ओळखू आलं नाही. ज्यांनी मारलेला असतो त्यांना दगड आठवत नाही.

कोकिळेनं मोर काढले नाहीत. साधी साखळी घातली नाही. तिनं कच्छी टाका निवडला: आधी दोऱ्यांचा सांगाडा बांधायचा, मग त्यातून दोरा वरखाली विणत न्यायचा. एक दोरा चुकीच्या अंगानं गेला तर शेवटी नक्षी जुळत नाही. सगळं उसवावं लागतं. या टाक्यात तिनं कापसाची बोंडं भरली. उललेली, पांढरी, बोटानं उचलावीत अशी. जिनिंगवाल्यांच्या घरात काय बघून जीव हरखेल, हे तिला नेमकं कळलं होतं. असं काम तिनं कुणासाठीच केलं नव्हतं. प्रेमदास, तिचा नवरा, म्हणाला, "आत्यावर लई जीव आला का व?"

"लई," ती म्हणाली.

लग्नात आनंदाबाई रुखवताच्या टेबलापासून हलेना. आलेल्या प्रत्येक बाईला हाताला धरून आणायची, बोंडं दाखवायची, सुनेचं नाव घ्यायची. सुलोचनाबाई शेजारी उभी राहून मान डोलवत होती. कोकिळा जेवणाच्या पंगतीतून ते बघत होती, आणि कितीतरी वर्षांत तिला पहिल्यांदा बुंदी गोड लागली.

पावसाळा सरता सरता सुलोचनाबाई परत आली. सोबत आचल, आजीकडे राहायला आलेली. पोरीचा चेहरा उतरलेला होता.

"आनंदाबाईले दसऱ्याच्या पूजेले बैठकीत तसेच अभ्रे पाहिजेत," सुलोचनाबाई म्हणाली. "माह्यासमोर बसून भर म्हणते. पाहाचं हाये तिले. कालपर्यंत आचलनं बहाणे केले. आता काय करावं?"

"खरं सांगून द्या. लगन तं लागलं."

या वेळी मात्र सुलोचनाबाईनं आपलं वाक्य ओळखलं. तिनं दोरीवरच्या अभ्र्यांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कोकिळे, पोरीचं घर हाये."

"मंग शिकवतो मी तिले. पण आतल्या खोलीत नाई. अथीच, ओसरीत, रस्त्याकडं तोंड करून. आन् रोज तुम्ही तिच्यासंगं याचं."

म्हणून त्या रोज येऊ लागल्या. आचल चटईवर, सुलोचनाबाई पायरीवर. बसमधून उतरणाऱ्या बाया थांबायच्या. देवळी काही न विचारता पुढे जाणारं गाव नाही. एक दिवस शेजारची मंजुषा दळण डोक्यावर घेऊन थांबली.

"काय चाललं व मायबाई?"

"नात शिकून राह्यली," सुलोचनाबाई म्हणाली.

"शिकून? लग्नात तं तिनंच भरले होते ना? सगळा हिंगणघाट पाहून गेला."

कोकिळेनं मशीनवरचा पाय थांबवला. ओसरीत नुसता दळणाचा वास राहिला.

"तिनं नव्हते भरले," म्हातारी शेवटी म्हणाली. "कोकिळेनं भरले."

"आन् इच्या सोताच्या लग्नातले?" मंजुषानं विचारलं. सगळ्या गावासारखी तीही कोकिळेला दुकानवाली म्हणत आली होती.

"तेही तिचेच. मले तवाच माहीत होतं."

मंजुषा गेली. दुपारपर्यंत गावभर होणार होतं, संध्याकाळच्या बसनं हिंगणघाटलाही पोचणार होतं. कोकिळा वाट बघत बसली, की आता आत काहीतरी सैल पडेल. बाप आठवला. तो तसाच हसत होता, हात जोडून. त्याला कुणी काही कळवू शकत नव्हतं. आणि म्हातारीला माहीत होतं, तेव्हापासून माहीत होतं, हे नवं कुसळ त्याच जागी येऊन रुतलं.

आचलनं दोरा तोडला. तिच्या बोटांच्या टोकांना सुईनं बारीक चरे पाडले होते.

"काकू, तुम्ही लग्नाच्या वेळी मुद्दाम एवढं अवघड भरलं ना?"

"हो."

"आजीवरचा राग आजीवर. माझ्यावर काऊन?"

कोकिळेनं पोरीच्या हातातलं कापड घेतलं, उजेडाकडे धरलं. बोंड नीट जुळलं होतं. सांगाडा सारखा, दोरा कुठेच चुकलेला नव्हता. पहिल्या खेपेला कोकिळेलाही असं जमलं नव्हतं. पायरीवरून म्हातारी मान वळवून आशेनं बघत होती.

"उसव," कोकिळा म्हणाली, आणि कापड परत दिलं.