ओढ्याकाठच्या लाल खुंट्या

मूर्खपणा मन लावून कसा करावा, हे माझ्याकडून शिका. हसा, पण चहा सांडू नका!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डिप्लोमा अर्धवट टाकून मी सांगलीहून आष्ट्याला परत आलेलो. डोक्यात नुसती आग. त्यात आमचे चुलते आबा, नगरसेवक. त्यांना ओढा बुजवून प्लॉट पाडायचे होते. अहो, ओढा बुजला तर पावसाचं पाणी जाणार कुठं? सरळ आमच्या गल्लीत! पण या म्हाताऱ्यांना रिकामी जागा दिसली की राहवत नाही.

एक दिवस बघतो तर ओढ्याच्या दोन्ही काठांना रांगेनं लाल खुंट्या!

झालं! पाडले प्लॉट! कुणाला विचारायचं कशाला? भर दुपारी उपटत सुटलो. हाताला फोड आले. पलीकडं लिंबाखाली आबा बसलेले. आता ओरडणार, म्हणून मी तयारीतच. तर म्हणतात कसे, "दमलास व्हय रं? घे, पाणी पी."

घाबरला म्हातारा! मला लय चेव चढला. शेवटच्या चार खुंट्या त्यांच्यासमोर मोडल्या. सगळ्या घरच्या बंबात घातल्या. आठवडाभर कडक पाण्यानं अंघोळी!

मग नगरपालिकेत शहराच्या विकास आराखड्याचे साहेब आले. गल्लीतली माणसं घेऊन गेलो आणि टेबलावर हात आपटला. "खुंट्या मी उपटल्या! ओढ्यात एक घर हुऊ देणार न्हाई!"

साहेबांनी चष्मा काढला. "अरे बाबा, त्या त्यासाठीच होत्या. पोराबाळांना ओढा राहावा म्हणून हिरवा पट्टा आखला होता. खुंट्यांच्या आत भर टाकायलाही बंदी."

"मग परत ठोका की!"

"कुठं ठोकू? नवी मोजणी लागेल. आता पावसाळ्यानंतर."

मी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आबांकडं वळलो. "आवं, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय की."

"मग मला आडवलं का न्हाई?"

"तू कवा कुणाचं ऐकलंयस गड्या?"

गल्लीतली माणसं माझ्याकडं अशी बघत होती, की खुंटीसारखं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ओढ्यात मुरमाची पहिली ट्रॉली पडली. त्याआधी आबांनी काय करावं? चारचौघांत माझा सत्कार! "ह्या पोरानं गावाचा विकास मोकळा केला!" टाळ्या. खांद्यावर शाल.

सत्काराचा निरोप आदल्या संध्याकाळीच आलेला; शाल भिरकावून सगळ्यांसमोर जाब विचारायचा, हे रात्रभर घोकलेलं. शाल अंगावर पडली आणि मी काय केलं?

वाकून आबांच्या पाया पडलो!