एक थाप, दोन थापा

म्हापशाहून पेडण्याला येणाऱ्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी वही उघडून बसत. वीस वर्षं डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस. खाण बंद पडली तसे तेरेखोलच्या बाजूला, फ्रेंच पर्यटक उतरतात अशा हॉटेलात वेटर झाले. मी शाळेत फ्रेंच शिकवते हे कळल्यापासून त्यांनी मला सोडलंच नाही.

“टीचर, फ्रेंचीत ‘आण’ म्हणताना ‘ते मला’ मागसून येता. ‘आणू नको’ म्हणताना ताच फुडे धावता. कित्याक?”

मी नियम सांगितला. असं का, ते मात्र मलाच ठाऊक नव्हतं, आणि सांगता सांगता माझाही गोंधळ उडाला.

त्यांनी पुढच्या सीटच्या दांड्यावर थाप मारली. “आमचो क्लीनर ट्रकाक मागसून एक थाप मारी, म्हणजे थांब. दोन मारल्यार चल. ह्या तसा सोपा कित्याक नाय? काल गिऱ्हायकान नको म्हटलेला सूप मी परत टेबलार हाडून ठेयलंय.”

“पण गिऱ्हाइकाला हुकूम कशाला सोडायचाय तुम्हाला?” मी हसून विचारलं.

“सोडूक न्हय, टीचर. ऐकूक.”

पेडणे आलं तरी मी उठले नाही. पंधरा वर्षं मी मुलांना आज्ञार्थ शिकवत होते. त्या आज्ञा ऐकणाऱ्याला काय शिकवायचं, ते मला सुचेना.