मामांची कवळी आणि आरशाचं बटण

आमचे मामा तीस वर्षं कवळ्या करतात. निम्म्या गल्लीचं हसू त्यांच्या हातचं आहे. पण त्यांचा स्वतःचा मात्र कुणाच्याच हसण्यावर विश्वास नाही. कुणी "कसे आहात?" म्हटलं, की ते आधी "का?" विचारतात.

अशा माणसाला ते काम करतात त्या दातांच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस सांगितलं, "आता कवळी कॉम्प्युटरवर घडवायची, यंत्र ती कोरून काढेल. महिन्याभरात शिकून घ्या. नाही जमलं, तर मला तुम्हाला पार्सलं बांधायला बसवावं लागेल."

तीस वर्षं मेण कोरलेल्या बोटांनी खोक्यांना चिकटपट्टी लावायची! मामा शिकायला बसले.

शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने पडद्यावर एक दाढ आणली आणि माऊसने गर्रकन फिरवली. मामा उठले आणि मॉनिटरच्या मागे जाऊन बघून आले.

"काका, मागची बाजूपण इथंच दिसते."

"ती तू दाखवतेस ती. मला खरी बघायची होती."

"आणि चुकलं तर हे दाबायचं. केलेलं परत घेता येतं."

"परत घेता येतं? मग माणूस मुळात नीट कशाला करील?"

जबडा हलवायचा धडा आला. सुरुवातीची जागा ठरवा, शेवटची ठरवा, मधली हालचाल कॉम्प्युटर भरतो. मामांनी वहीत लिहून घेतलं, 'मधलं कोण भरतं, त्याचा पत्ता नाही.'

परीक्षेला नेमकी माझ्या आईची, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची कवळी आली.

"सोप्पं आहे," मुलगी म्हणाली. "डावी बाजू करा आणि मिररचं बटण दाबा. उजवी आपोआप होते."

"अर्धं मी केलं, तर उरलेलं कोण करतंय?"

"आरसा, काका!"

"आरशाचं मला सांगू नकोस. तोंडावर डाव्याचं उजवं करून सांगतो तो!"

मुलीने बटण दाबलं. दोन्ही बाजू तंतोतंत. जबडा चालवला, तर वर-खाली झकास उघडमीट. पण मामांची मान काही हलेना.

"ताईचा उजवा सुळा जरा आत होता. आणि ती चावताना जबडा उजवीकडे सरकवते."

"तुम्हाला कसं माहीत?"

मामांनी बाही वर सारली. मनगटावर जुना व्रण होता. "चौदा वर्षांची असताना चावलीय मला. पुरावा आहे!"

मुलीने हसत जबडा थोडा उजवीकडे सरकवून पाहिला. आरशाने केलेला सुळा खालच्या दातातून आरपार गेला. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. मुलीचं हसू मात्र थांबलं.

मामांनी आरसा बंद केला आणि उजवी बाजू चार दिवस खपून, एकेक दात मनगटाशी ताडून, वेगळी घडवली.

यंत्राने कोरलेली कवळी आईने लावली. पावाचा तुकडा तोडला, जबडा उजवीकडे सरकवून चावला, गिळला आणि म्हणाली, "माझेच आहेत."

"ही कॉम्प्युटरची खुर्ची आजपासून तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामांनी खुर्ची आधी हलवून पाहिली, मगच बसले.

आई त्यांच्याकडे बघून तोंडभर हसली. "आण रे मनगट, जुळतंय का बघू."

मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.