आधी त्याले जाऊ द्या

"थांबा बाई, पाय नोका ठेवू. आधी त्याले जाऊ द्या."

शेजारच्या काकाजींच्या घरी कधीही जा, उंबऱ्यावर हे ऐकावं लागायचंच. ते स्वतःही बाहेर उभे असत. एक हात माझ्यापुढे आडवा, दुसऱ्या हातात काठी. आत फरशीवर ताटाएवढं काळं गोल यंत्र घुंगरू वाजवत फिरत असे. दिवाणाखालून, कपाटामागून फिरून ते दाराशी आलं की काकाजींचा हात खाली यायचा. "हं, या आता. चहा घेता?" तोवर मी कशाला आले होते तेच मी विसरलेली असे.

केर काढणारी ही यंत्रं शहरात तुम्ही पाहिली असतील. आमच्या अड्याळ गावात हे एकच. काकाजींचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, ते गुडघ्यांपायी बंद झालं. काकू आधीच गेलेल्या. वाकून झाडू मारणं जमेना, म्हणून पुण्याच्या मुलीने हे पाठवून दिलं. काकाजींनी त्याच्याकडून केर सोडून बाकी सगळं करून घेतलं.

आल्या आल्या त्यांनी ते खोललं. हाताला चैन कुठली पडायला! पुढे सायकलचा छोटा दिवा बसवला. मागे बैलाच्या गळ्यातलं जुनं घुंगरू बांधलं, म्हणजे नजरेआड गेलं तरी कुठे आहे ते कळावं. ते बाईच्या आवाजात हिंदी बोलायचं. "सफाई शुरू कर रही हूँ" म्हणालं की काकाजी म्हणत, "हो माय, जा. पाहून जाजो." मी तर पोट धरून हसायची.

हे सगळं सापासाठी होतं. आमच्या घरांच्या मागे कालवा, कालव्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बांध्यांत पाणी भरलं की साप कोरडी जागा शोधत घरात येतात. भीती आम्हा सगळ्यांनाच वाटते, पण आम्ही काठी आपटतो आणि कामाला लागतो. काकाजींचं तसं नव्हतं. पावसाळाभर हा माणूस पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी यंत्राला पुढे पाठवायचा.

एकदा दिवाणाखाली घुंगरू थांबलं. यंत्र म्हणालं, "ब्रश अटक गया है." झालं! काकाजींनी अर्धी गल्ली गोळा केली. काठ्या आल्या, टॉर्च आले. यंत्र लांबूनच ओढून काढलं, तर ब्रशला गुंडाळलेली त्यांच्याच पायजम्याची नाडी.

"डोंगर पोखरून नाडी काढली काकाजी!" मी म्हटलं. सगळे हसले.

ते घाम पुसत खुर्चीत बसले होते. "हासा. नेहमी नाडीच निघो, बाप्पा."

लोक गेल्यावर त्यांनी मला लहान भावाचं सांगितलं. "खळ्यावर धानाच्या तणसीत एकाच चादरीत निजलो होतो आमी. ना ओरडला, ना रडला. सकाळी म्हणे, दादा, डोळे उघडून नाही राहिले. मले वाटलं, झोप हाये त्याले. मीच म्हटलं, झोप मंग." ब्रशला अडकलेला नाडीचा शेवटचा धागा त्यांनी ओढून काढला. "मण्यार होती, बाई. तिचा दात लागलेला कळतच नाही."

त्या दिवसानंतर मी उंबऱ्यावर मुकाट्याने थांबू लागले.

पुढे नात झाली, आणि ती रांगू लागली तशी काकाजींची झोपच उडाली. मुलगी माहेरी येते म्हणे, आणि हे नको म्हणत. फोन मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे गल्लीला सगळं पाठ.

"पावसाळ्यात नोको आणू वं पोट्टीले. दिवाळीले ये."

"बाबा, तुमच्या भीतीपायी मी माहेरच सोडू का? पंचमीला लेकी माहेरी येतात. मी येणार."

"ये," ते शेवटी म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "बाई, पोट्टी जमिनीवर रांगन. जमिनीवर!"

त्यांनी मोरीच्या तोंडाला जाळी ठोकली. दाराखालच्या फटीत रबर बसवलं. मायलेकी आल्या, तेव्हा नातीला खाली ठेवायच्या आधी प्रत्येक वेळी यंत्र घर फिरून यायचं. घुंगरू ऐकून ती टाळ्या पिटायची. लेक कपाळाला हात लावायची, "बाबा, तुम्ही अतिच करता!" पण घरात हसू होतं. मी काकाजींना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मग नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत, खणत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. मी उकडलेली दिंडं घेऊन गेले, तर उंबऱ्यावर कोणी अडवलं नाही. यंत्र दाराजवळच्या आपल्या जागी बसलेलं, पाठीवर हळदकुंकू आणि एक फूल.

"आज याले सुट्टी काहून?" मी विचारलं.

"पोटात फिरता ब्रश हाये त्याच्या. आजच्या दिवशी नागोबाले लागला तं?" काकाजी गंभीरपणे म्हणाले. "आज ते बी कोणाले काही करत नाहीत."

वर्षभर सापाला भिणारा माणूस त्या एका दिवशी सापाच्या शब्दावर विसंबला होता.

नात चटईवर खुळखुळा घेऊन बसली होती. तो हातातून सुटला आणि घरंगळत दिवाणाखाली गेला. लेकरू सरसर मागोमाग.

"थांब! आधी त्याले..." काकाजी ओरडले, आणि त्यांची नजर कुंकू लावलेल्या यंत्राकडे गेली. मी तो चेहरा विसरू शकत नाही.

वाकता न येणारा तो माणूस धाडकन पोटावर आडवा झाला. एक हात पोरीच्या पुढे भिंतीसारखा घातला, दुसऱ्याने पाय धरून तिला बाहेर खेचलं. मी टॉर्च मारला. भिंतीच्या कडेला काळंभोर अंग, त्यावर पांढरे पट्टे. मण्यार!

"कपडे काढ तिचे! पाह्य, कुठं लागलं काय!" काकाजी लेकीला सांगत होते. टाचेपासून केसांपर्यंत आम्ही पोर तपासली. काही दिसेना. पण काही दिसत नाही हेच तर मण्यारीचं भय! गल्लीतल्या एकाने गाडी काढली आणि आम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेला लागलो.

मागच्या सीटवर लेक, तिच्या मांडीवर पोर, शेजारी काकाजी. मी पुढून मागे वळून पोरीकडेच पाहत होते. ती हसत होती, आईच्या गळ्यातली पोत ओढत होती.

"डोळे पाह्य तिचे," काकाजी म्हणाले. "उघडे हायेत ना?"

"उघडे आहेत बाबा."

"झोपू नोको देऊ."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "उघडे हायेत ना?" आवाज जड झाला होता. मला वाटलं, रडून राहिले. मग ते म्हणाले, "मले नीट दिसून नाही राहिलं वं. तूच पाह्य." तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि ते बोटांनी एक पापणी वर उचलून नातीकडे बघत होते.

माय वं! तिला चावलंच नव्हतं.

डॉक्टरांनी पोरीला सोडलं आणि यांना धरलं. खूप धडपड केली त्यांनी. पोर चांगली आहे हे लेकीने काकाजींच्या कानात परत परत सांगितलं. ते त्यांनी ऐकलं असेल असं मी मनाला समजावते. काकाजी घरी परत आले नाहीत.

लेक दिवाळीला आली, घर आवरायला. पोर आता कडेवरून खाली उतरायला धडपडत होती. किल्ली माझ्याकडेच होती. मी कुलूप काढलं, दार ढकललं आणि सवयीने पाय उचलला, तर लेकीने मला हात आडवा घातला. तिने बाहेरूनच वाकून यंत्राचं बटण दाबलं. पाठीवरचं कुंकू वाळलं होतं, फुलाचा चुरा झाला होता. "सफाई शुरू कर रही हूँ," ते म्हणालं.

"थांबा बाई," ती म्हणाली. पुण्यात इतकी वर्षं काढलेली ती लेक अगदी बापासारखं बोलली. "आधी त्याले जाऊ द्या."

लेकराला छातीशी घट्ट धरून ती उभी राहिली. आत घुंगरू दिवाणाकडे गेलं आणि आम्ही उंबऱ्याबाहेर कान देऊन थांबलो.